मुलांच्या डॉक्टरांकडेच समुपदेशक का बसत नाही? नाशिकमध्ये कुणाला अनुभव आहे का

इंदिरानगरची_आई

नमस्कार. जरा लांबलचक होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि त्याचं पोट दुखायला लागलं, रोज सकाळी. साडेसहाला उठतो, दूध पितो, आणि युनिफॉर्मची बटणं लावेपर्यंत पोट धरून बाथरूममध्ये जाऊन बसतो, नळ सोडून. खाली व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजला की आतून आवाज येतो, "आई, खूप दुखतंय गं". पहिल्या आठवड्यात वाटलं फराळाचं बाधलं. मग जंताचं औषध झालं, अ‍ॅसिडिटीचं सिरप झालं, सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, लघवी तपासली, शी तपासली, शेवटी सोनोग्राफी. त्यात पोटातल्या गाठी किंचित मोठ्या आहेत असं आलं, तो रिपोर्ट वाचून मी दोन रात्री झोपले नाही, डॉक्टर म्हणाले या वयात बऱ्याच मुलांना दिसतात, काळजीचं काही नाही.

जानेवारीत परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "रविवारी दुखतं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. नाही दुखत रविवारी. नाताळच्या सुट्टीत एकदाही नाही दुखलं. शाळा बुडवून घरी राहिला की साडेनऊनंतर तो आजोबांबरोबर कॅरम खेळत असतो. तीन महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, मुलांच्या मानसशास्त्रज्ञांना दाखवा, गंगापूर रोडचा पत्ता. बाहेर वीस-पंचवीस जण नंबर लावून बसलेले, त्यामुळे जास्त बोलणं झालं नाही. ती चिठ्ठी सहा आठवडे माझ्या पर्समध्ये होती. तिच्या मागच्या बाजूला मी एकदा भाजीचा हिशोबसुद्धा केला, मेथी वीस, टोमॅटो चाळीस. ह्यांचं म्हणणं परीक्षा होऊ दे मग बघू, सासूबाई म्हणाल्या चांगल्या पोराला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेता काय, आणि खरं सांगायचं तर मलाही धीर होत नव्हता. एकदा फोन लावला, पलीकडून कुणीतरी उचलला, मी कट केला.

आता माझा प्रश्न. दीड महिन्याचा असल्यापासून तो ज्या दवाखान्यात लस घेतोय, जिथल्या मावशी त्याला नावानं हाक मारतात, जिथे भिंतीवर उंची मोजायचा जिराफ आहे आणि दरवेळी तो आधी पळत जाऊन त्याला चिकटून उभा राहतो, तिथेच शेजारच्या खोलीत असं कुणी बसलेलं असतं आणि डॉक्टर म्हणाले असते की जाता जाता ह्यांना भेटून जा, तर मी त्याच दिवशी गेले असते. कुणाला विचारावंसुद्धा लागलं नसतं. नाशिकमध्ये अशी सोय कुठे आहे का? आणि इथे कुणी डॉक्टर असतील तर सांगा, हे करणं इतकं अवघड का आहे?

अंबड_जनरल_शिफ्ट

ताई, तुमचं वाचून आमच्या घरचंच वाचतोय असं वाटलं. आमची मुलगी सात वर्षांची असताना रात्री अंथरूण ओलं करायची, मधे दोन वर्षं बंद झालं होतं ते परत सुरू झालं, धाकटा झाला त्यानंतर. तेव्हा डॉक्टरांनी लघवी आणि साखर तपासून सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं आणि दुसरीकडे पाठवलं. तुम्ही म्हणता ते धीराचं खरंच आहे पण मी पैशाचं आणि वेळेचं पण सांगतो. मी अंबडला कंपनीत, जनरल शिफ्ट. मुलांच्या डॉक्टरकडे संध्याकाळी सातला जाता येतं, त्या दुसऱ्या ठिकाणी दुपारी साडेतीनची वेळ मिळायची म्हणजे माझी हाफ डे आणि पोरीची शाळा, दोन्ही जायचं. तीन वेळा गेलो, नंतर नाही जमलं. बरी झाली ती, पण आपली आपणच झाली, वर्षभर त्रास काढून. रोज सकाळी ती स्वतः चादर गोळा करून मोरीत नेऊन टाकायची, कुणी उठायच्या आत, ते अजून आठवतं. एकाच ठिकाणी असतं तर आम्ही सोडलं नसतं.

लहान_मुलांची_ओपीडी

मी नाशिकमध्येच बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते, सोळा वर्षं झाली. नाव आणि दवाखाना लिहीत नाही, उगाच जाहिरात नको.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मुलाचं पोट खरंच दुखतं. तो नाटक करत नाहीये हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, ते मेंदूशी सतत बोलत असतं, मनावर ताण आला की पोटात कळ येते, मळमळतं, शीला लागते. परीक्षेच्या सकाळी मोठ्यांनाही होतं ना, तेच. मात्र मनाचंच असेल असं आपण घरी ठरवून टाकायचं नसतं. दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं किंवा उंची वाढायची थांबणं, शीतून रक्त, सारख्या उलट्या, रेंगाळणारा ताप, सांधे सुजणं, दुखणं बेंबीपासून लांब एकाच जागी असणं, यातलं काही असेल तर आधी शरीराची नीट तपासणी. तुमच्याकडे ते होऊन गेलंय, बरं झालं.

आता अवघड का आहे ते. पावसाळ्यात माझ्याकडे एका सकाळी साठ मुलं असतात, म्हणजे एकाला तीन-चार मिनिटं. घसा, कान, छाती, वजन, औषध लिहून झालं, आई उठली, मुलाला कडेवर घेतलं आणि दाराला हात लावून म्हणते, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं, हा हल्ली फार चिडतो हो." कितीदा तरी तीच खरी तक्रार असते आणि सर्दी हे फक्त निमित्त. पण तोपर्यंत पुढचं मूल आत आलेलं असतं. मग मीही तेच करायचे जे तुमच्या डॉक्टरांनी केलं. चिठ्ठी. एक वर्ष मी वहीत नोंद ठेवली की कुणाकुणाला चिठ्ठी दिली, आणि पुढच्या वेळी खोकल्याला आले की विचारायचे, गेला होतात का. निम्म्याहून जास्त लोक पोचलेच नव्हते. कुणी पत्ता हरवला म्हणे, कुणी गप्प बसे.

दोन वर्षांपूर्वी एक मानसशास्त्रज्ञ शनिवारी सकाळी माझ्याकडे बसायला लागली. खोली म्हणजे आधी जिथे नेब्युलायझर आणि जुन्या फायली होत्या ती. त्यात मी जे शिकले ते सांगते. मूल आणि आई यांना मी स्वतः उठून तिच्यापर्यंत घेऊन जाते, दहा पावलंच आहेत, पण रिसेप्शनवरून पाठवलं तर लोक जात नाहीत आणि मी बरोबर गेले तर जातात. मी आईसमोर म्हणते, ही माझ्याबरोबर काम करते, झोप, राग, अभ्यास, पोटदुखी यात ती माझ्यापेक्षा चांगलं बघते. वेगळा केसपेपर नाही, फाइल तीच. दारावर काही पाटी लावलेली नाही, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या शेजारणीला कळत नाही की कोण कशासाठी आलंय. पहिली भेट वीस मिनिटांची, बऱ्याच घरांना दोन-तीन भेटीत पुरेसं होतं, ज्यांना जास्त लागतं त्यांना पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो, आणि ते जातातही, कारण तोपर्यंत भीती गेलेली असते.

दुसरी गोष्ट लसींची. पहिल्या दीड वर्षात मूल लसीच्या निमित्तानं आठ-नऊ वेळा दवाखान्यात येतं. मग ४ ते ६ वर्षांच्या मधला बूस्टर, मग एकदम दहाव्या वर्षी. मधल्या काळात आजारी पडलं तरच. नेमकं याच वयात बोलणं, वागणं, शाळा, मित्र सगळं घडत असतं आणि आमच्या नजरेला ते मूल पडत नाही. म्हणून मी आता दीड वर्षाच्या लसीला आणि परत दोन वर्षांचं झाल्यावर ऑटिझमची वीस प्रश्नांची प्रश्नावली आईकडून भरून घेते, नावानं हाक मारली की बघतो का, बोट दाखवून वस्तू दाखवतो का, असे साधे प्रश्न असतात. चार वर्षांपुढच्या मुलांसाठी पस्तीस प्रश्नांची एक यादी आहे, आई बाकावर बसल्या बसल्या पेननं खुणा करते, पाच मिनिटं लागतात. या याद्यांनी निदान होत नाही हे मी प्रत्येकीला सांगते. यादी फक्त एवढंच सांगते की इथे थांबून नीट बोलायला पाहिजे.

पैशाचं खरं सांगते, पहिलं वर्ष मला पदरचे घालावे लागले. ती पाच-सहा तास बसायची आणि दोनच मुलं यायची. आता शनिवार भरतो. प्रत्येक डॉक्टरला हे परवडेल असं मी म्हणणार नाही, पण दोन-तीन दवाखान्यांनी मिळून एक माणूस ठेवला, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, तर जमू शकतं. एकदा तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, आठवड्यातून एक दिवस कुणी बसेल का म्हणून. पालकांनी मागितलं की आम्ही ऐकतो, खरंच.

आणि तोपर्यंत शाळा बुडवू देऊ नका. घरी राहिलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीचं जाणं आणखी अवघड करतो. अगदीच नाही जमलं तर दोन तास का होईना पाठवा, वर्गशिक्षिकांशी बोलून. घरी राहिलाच तर टीव्ही, मोबाइल, कॅरम नाही, पुस्तक आणि आराम. शिक्षा म्हणून नाही, पण घरी राहणं शाळेपेक्षा जास्त मजेचं होऊ नये म्हणून.

माहेर_नाशिकरोड

मी गेली अकरा वर्षं बॉस्टनजवळ राहते. इकडे मुलांची वर्षातून एकदा तब्येतीची तपासणी असतेच, आजारी असो नसो. ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाची प्रश्नावली, १८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमची, आणि बारा वर्षांपासून दरवर्षी नैराश्याची. माझी मोठी तेरा वर्षांची असताना नर्सनं तिच्या हातात प्रश्नांचा कागद दिला आणि मला म्हणाली, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. मला फार लागलं ते. आईला बाहेर काढतात म्हणजे काय. दहा मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, बरोबर एक बाई होती, त्याच क्लिनिकमधली सोशल वर्कर, आणि म्हणाल्या, आत या, आपण चौघी बोलू. लेक सात-आठ महिने नीट झोपत नव्हती, मला माहीतच नव्हतं, ती दार लावून घ्यायची आणि मी समजायचे अभ्यास करते.

याला इकडे वॉर्म हँडऑफ म्हणतात. म्हणजे आपल्याकडे लेकीला सासरच्यांच्या हाती सोपवताना कसं हात धरून देतात, तसं डॉक्टरनं पेशंटचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा. वरच्या डॉक्टर ताई दहा पावलं चालून जातात ना, अगदी तेच आहे ते.

पण इकडे सगळं छान आहे असं समजू नका. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ इथेही कमी पडतात, महिनोन्‌महिने वेळ मिळत नाही, इन्शुरन्सची कटकट वेगळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालमानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याची राष्ट्रीय आणीबाणी आहे असं जाहीरच केलं होतं. एक गोष्ट मात्र मला आपल्याकडे करता येईल असं वाटतं. या मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ पासून एक फोनची सोय आहे, पालकांसाठी नाही, डॉक्टरांसाठी. मुलांच्या डॉक्टरला एखाद्या मुलाबद्दल अडलं की तो फोन करतो आणि पलीकडून बालमानसोपचारतज्ज्ञ त्याला सांगतो, हे तुम्ही तुमच्याकडेच करू शकता, याला मात्र पाठवा. प्रत्येक मुलाला मोठ्या तज्ज्ञाकडे जावं लागत नाही. नाशिकमध्ये तर आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे म्हसरूळला, अशी एखादी लाइन नाशिकमधून सगळ्या जिल्ह्यासाठी का नाही चालू शकत?

पंचवटी_आजोबा

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझा नातू पाच वर्षांचा. शाळेतून सांगितलं की हा एका जागी बसत नाही, दाखवून आणा. सून-मुलगा घाबरले, दोन महिन्यांत तीन ठिकाणी फिरले, एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. तो मुलगा माझ्याबरोबर रामकुंडावर येतो, कबुतरांना दाणे टाकत अर्धा तास उभा राहतो. पाच वर्षांच्या पोरानं चार तास बाकावर बसावं ही अपेक्षाच मला पटत नाही. आता प्रत्येक दवाखान्यात असा माणूस बसवला तर प्रत्येक पोराला काहीतरी नाव चिकटेल आणि गोळ्या सुरू होतील अशी मला भीती वाटते. माझी भीती चुकीची असेल तर समजावून सांगा.

लहान_मुलांची_ओपीडी

आजोबा, भीती चुकीची नाहीये. उलट मी म्हणेन की ओळखीच्या दवाखान्यात नीट वेळ देऊन बघितलं तर असं नाव चिकटणं कमी होईल. अतिचंचलतेचं निदान करायला लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात, आणि बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. फक्त शाळेत दिसतं आणि रामकुंडावर अर्धा तास उभा राहतो, तर मी आधी शाळेत काय चाललंय, त्याला ऐकू नीट येतं का, झोप किती होते हे बघीन. ही माहिती तुमच्याकडे आहे, ती त्या तीनपैकी कुठल्या भेटीत कुणी विचारली का? सहा वर्षांखालच्या मुलांत औषध हा पहिला उपाय नसतोच. आधी आईवडिलांना शिकवतात, सूचना कशी द्यायची, चांगल्या वागण्याकडे लक्ष कसं द्यायचं, दिवसाचा क्रम कसा लावायचा. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बरोबर जा, ही कबुतरांची गोष्ट सांगा. डॉक्टरला अशाच गोष्टींचा उपयोग होतो.

पंचवटी_आजोबा

नाही विचारली कुणी. मी जातो बरोबर. धन्यवाद डॉक्टर.

पेठ_सुरगाणा_टीम

शहरातलं बोलणं चाललंय म्हणून गावाकडचं पण लिहितो. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला, पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट असतो, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातो. ज्या तीस गोष्टी बघायच्या असतात त्यात बोलायला उशीर, ऑटिझम, शिकण्यातली अडचण, अतिचंचलता हे सगळं आहे, हे बऱ्याच शहरी पालकांनाही माहीत नाही. म्हणजे तुम्ही सगळे जे मागताय ते कागदावर आहे, आणि कागदावर असणं हे पण कमी नाही, त्यामुळेच मी मास्तरांना हक्कानं विचारू शकतो.

पण हृदयाचा आवाज स्टेथोस्कोपनं एका मिनिटात कळतो, तसं मूल गप्प का आहे ते कळत नाही. मी एक करतो. शाळेत गेलो की आधी गुरुजींना विचारतो, तुमच्या वर्गातलं सगळ्यात शांत पोर कुठलं? दंगा करणारी पोरं ते न विचारता सांगतात, शांत पोर सांगायला त्यांना विचार करावा लागतो. गेल्या वर्षी सुरगाण्याच्या बाजूला एका शाळेत अशी एक मुलगी दाखवली, चौथीतली, शेवटच्या रांगेत, वही अगदी स्वच्छ. स्वच्छ कारण फळ्यावरचं जसंच्या तसं चित्र काढल्यासारखं उतरवलेलं होतं. मी म्हटलं, हे वाच बरं. तिनं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं. एक अक्षर वाचता येत नव्हतं. चार वर्षं कुणाला त्रास नाही म्हणून कुणाचं लक्ष नाही.

अशा मुलांना आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर हस्तक्षेप केंद्रात पाठवतो, तिथे मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचार, फिजिओथेरपी एकाच छताखाली मिळावी अशी रचना आहे. पण तिच्या आईला नाशिकला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी बुडणार, धाकट्याला कुणाकडे ठेवायचं. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसात तर अर्धी गावं दिंडोरी-निफाडकडे कामाला गेलेली असतात. त्या बाईला चिठ्ठी देणं म्हणजे इंदिरानगरच्या ताईंना दिली त्याहून किती अवघड हे तुम्हीच बघा. आम्ही शेवटी पथकाच्या गाडीतून इतर चार मुलांबरोबर तिला नेलं. माझं मत, महिन्यातून एक दिवस का होईना माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात यावा, लसीकरणाच्या दिवशीच, कारण त्या दिवशी आया येतातच.

एक अजून, फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलांना हा नंबर फळ्यावर लिहून देतो. आणि मुलावर कुणी हात उगारतं किंवा नको तसं वागतं अशी शंका असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

तिसरी_ब

मी प्राथमिक शिक्षिका आहे, सिडकोत. ताई, एकच सांगते, शाळेशी बोलताना "तुमच्या शाळेमुळे पोट दुखतं" असं सुरू करू नका, आम्ही माणसंच आहोत, लगेच बचावाला लागतो. "तो वर्गात कुठल्या तासाला जास्त गप्प असतो" असं विचारा. मला कुणी असं विचारलं तर मी दुसऱ्या दिवसापासून बघायला लागते. आणि डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून आणल्या तर मुख्याध्यापकांपुढे आम्हाला पण बरं पडतं.

इंदिरानगरची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे प्रतिसाद मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. अंबडच्या दादांचं ते चादरीचं वाचताना ह्यांनी फोन हातातून घेतला आणि परत स्वतः वाचलं.

डॉक्टर ताईंनी सांगितलं तसं मी आमच्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, मलाही बरेच दिवस मनात आहे पण कुणी येईल का वाटायचं. चिठ्ठीवर ज्यांचं नाव होतं त्याच मॅडम आता बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दोन तास बसतात. आम्ही पहिलेच. मुलाला मी खोटं सांगितलं नाही, म्हटलं पोट का दुखतं ते शोधून काढणाऱ्या मॅडम आहेत, सुई नाही, औषध नाही. तो नेहमीसारखा आधी जिराफाला चिकटून उभा राहिला, एक सेंटिमीटर वाढलाय, आणि मग डॉक्टरांच्या मागे मागे आत गेला.

पहिल्या दिवशी काही बोलला नाही, फक्त चित्रं काढली. दुसऱ्या बुधवारी मॅडमनी त्याला वर्ग काढायला सांगितला. त्यानं सगळी बाकं काढली आणि प्रत्येक बाकावर आकडा घातला. मॅडमनी विचारलं हे काय, तर म्हणाला पहिल्या तासाला इंग्रजीत एकेकानं उभं राहून एक परिच्छेद वाचायचा असतो, तो बाकं मोजतो, आपल्याला कुठला परिच्छेद येणार ते काढतो आणि तोच मनातल्या मनात वाचत बसतो. मधलं कुणी गैरहजर असलं की त्याचा परिच्छेद बदलतो. मग पोटात कळ येते. घरी बाथरूममध्ये बसून तो हेच मोजत असायचा, आज कोण येणार नाही, किती बाकं पुढे सरकतील. मला हे सांगताना मॅडमचा आवाज अगदी हळू झाला होता. मी तिथे रडले.

डोळे तपासले, नंबर नाही. कान ठीक आहेत. मॅडम म्हणाल्या आठ वर्षांचा झालाय, आता शिकण्यातल्या अडचणीची रीतसर तपासणी करता येते, कदाचित काही निघेल, कदाचित फक्त भीती असेल, दोन्हीला उपाय आहेत. शिक्षिका ताई, तुम्ही सांगितलं तसंच बोलले त्याच्या टीचरशी, एक शब्दही दोष दिला नाही. त्यांनी सध्या त्याला उभं करणं थांबवलंय, त्या त्याच्याजवळ येऊन दोन ओळी ऐकतात. पोट अजून दुखतं, पण या आठवड्यात दोनच दिवस. सासूबाई बुधवारी स्वतः त्याचे बूट काढून ठेवतात, जायचंय ना म्हणून.

पुढच्या शनिवारी ती वाचनाची तपासणी आहे. कुणी मुलाची केली असेल तर किती वेळ चालते ते सांगा, आणि त्याला आधी काय सांगू, परीक्षा म्हटलं तर घाबरेल.

अंबड_जनरल_शिफ्ट

ताई, माझ्या भाच्याची केली होती. एका दिवसात सगळं होत नाही, दोन-तीन वेळा बोलावतात, एका वेळी दीड-दोन तास, मधे सुट्टी देतात. त्यामुळे डबा आणि पाणी बरोबर न्या, भूक लागली की पोरं कंटाळतात. सकाळची वेळ मागा. शाळेच्या वह्या मागतात, खाडाखोड असलेल्या पण न्या, नवीन करून नेऊ नका. परीक्षा म्हणू नका, आमच्या बहिणीनं सांगितलं होतं की तुला वाचताना कुठे अडतं ते मॅडम शोधणार आहेत, चुकलं तरी चालतं, चुकलं तरच त्यांना कळतं. तो निवांत गेला होता.

लहान_मुलांची_ओपीडी

बरोबर सांगितलंय. फक्त एक, आदल्या रात्री त्याची झोप पूर्ण होऊ द्या आणि सर्दीताप असेल तर तारीख पुढे ढकला. रिपोर्ट आला की बुधवारच्या मॅडम आणि तुमचे डॉक्टर दोघांनी मिळून तो तुम्हाला समजावून सांगावा असं आधीच सांगून ठेवा, ह्यांनाही बरोबर न्या.